चेडू बाटतला काय?

(पत्र थोडं आटोपशीर करून छापलं आहे.)

"बाई, नमस्कार. आम्ही वेंगुर्ला तालुक्यात राहतो. थोडी काजूची बाग, शंभरेक आंब्याची कलमं आणि माझं शिवणकाम, यावर घर चालतं. मुलगी यंदा बारावी झाली, कला शाखा, ८४ टक्के. तिला मानसशास्त्र शिकायचंय. कर्नाटकात ख्रिस्ती मिशनचं एक खाजगी अभिमत (डीम्ड) विद्यापीठ आहे, तिथे तिची निवड झाली. फी आणि हॉस्टेल मिळून वर्षाला सव्वातीन लाख सांगितलेत. आम्ही ओबीसी, दाखले काढून ठेवलेत. मिस्टर म्हणतात, मिशनची शिस्त चांगली असते, जाऊ दे. सासूबाईंनी घर डोक्यावर घेतलंय, ‘थंय गेला तर चेडू बाटतला,’ म्हणजे तिथे गेली तर पोरगी बाटेल. मिरजेला मिशनमध्ये त्यांचं स्वतःचं ऑपरेशन झालं तेव्हा बरं काही बोलल्या नाहीत! मुलगी दोन दिवस धड जेवलेली नाही. पैसे भरायला पंधरा दिवस उरलेत. पाठवू की नको? आणि सासूबाईंना काय सांगू?"
— एक आई

ताई,

तुमचं मूळ पत्र चार पानी होतं. त्यात सासूबाईंना अडीच पानं मिळाली आणि सव्वातीन लाखांना एक ओळ. मला काळजी वाटली ती त्या एका ओळीची. तरी सुरुवात सासूबाईंपासूनच करते, कारण त्यांची समजूत पटल्याशिवाय तुमच्या घरातून मुलीची बॅग बाहेर पडणार नाही, हे कोकणातल्या सुनेला कोणी सांगावं लागत नाही.

त्यांची भीती वेडगळ नाही. ती जुनी आहे, आणि तिचा एक धागा आपल्याच जिल्ह्यात येतो. १८४३ साली मुंबईत नारायण शेषाद्री नावाचा एक ब्राह्मण तरुण मिशनऱ्यांकडे शिकता शिकता ख्रिस्ती झाला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहायला गेला. वडील कोर्टात गेले, मुलगा परत मिळाला, पण जातीत त्याला कोणी घेईना. त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावं म्हणून जो माणूस सनातन्यांशी झगडला, तो देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचा: ‘दर्पण’वाले बाळशास्त्री जांभेकर. तेव्हाचे मिशनरी शाळा काढत त्या धर्मप्रसारासाठीच, आणि ते तसं उघड म्हणतही. स्कॉटिश मिशनरी १८२३ मध्ये बाणकोटला आले तेही याच हेतूने. तेव्हा पणजीच्या तोंडून नातीपर्यंत पोचलेली ही भीती "अडाणीपणा" म्हणून उडवून लावू नका. मुलीलाही लावू देऊ नका.

आता त्याच शाळांतून आणखी कोण बाहेर पडलं, तेही सासूबाईंना सांगा. रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले पांडुरंग वामन काणे दापोलीच्या मिशन हायस्कूलात शिकले, पुढे मुंबईला विल्सन कॉलेजात गेले. ते कॉलेज तर स्कॉटिश मिशनऱ्याच्याच नावाचं. त्यांनी उभी हयात कशावर घालवली? हिंदू धर्मशास्त्रावर. १९६३ मध्ये भारतरत्न मिळालं ते त्याच कामासाठी. मिशनच्या बाकावर बसून माणसाचं काय होतं याचा हा एकच नमुना आहे असं मी म्हणत नाही, पण नमुना आपल्याकडचा आहे.

आणि मिरज. तुम्हीच लिहिलंय, म्हणून सांगते. सांगली-कोल्हापूरचेच नव्हे, आपल्याकडचेही किती पेशंट एसटीत आडवे घालून घाटावर मिशनमध्ये नेले गेले, त्याची मोजदाद नाही. पोटात दुखत असताना ज्यांच्या हाती सुरी दिली, त्यांच्या हाती पुस्तक द्यायला का घाबरायचं, हा प्रश्न मी सासूबाईंना विचारला असता. तुम्ही मात्र विचारू नका. सुनेने विचारला की त्याचा टोमणा होतो. तो नातीला विचारू दे.

कायद्याचं थोडक्यात. राज्यघटनेच्या कलम ३० ने अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा हक्क दिलाय. त्याच घटनेचं कलम २८ म्हणतं की सरकारची मान्यता किंवा मदत असलेल्या संस्थेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा उपासनेला बसायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालचा, असेल तर संमती पालकाची लागते. इथे गोम आहे ती "संमती" या शब्दात. प्रवेशाच्या वेळी तीस-चाळीस पानांची नियमपुस्तिका देतात आणि शेवटच्या पानावर सही घेतात. ती पुस्तिका कोणी वाचत नाही. तुम्ही वाचा, किंवा मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. प्रार्थनासभा, मूल्यशिक्षणाचा तास, रिट्रीट (प्रार्थना-चिंतनाचं शिबिर) यांतलं काय सगळ्यांना सक्तीचं आहे आणि काय फक्त ख्रिस्ती मुलांना, हे त्यात असतं. मुलीला अठरा पूर्ण झाली असतील तर सही तिची चालते, तुमची नव्हे.

मी स्वतः नन्सच्या कॉलेजात शिकले, मुंबईला. रोज सकाळी ‘अवर फादर’ म्हणायचो. ती प्रार्थना अजून पाठ आहे, रामरक्षाही पाठ आहे, आणि माझ्या डोक्यात त्या दोघींचं कधी भांडण झालं नाही. माझ्या वर्गातली एकही मुलगी ख्रिस्ती झाली नाही. तीन जणी मात्र नास्तिक झाल्या, पण त्याचं खापर मी तत्त्वज्ञानाच्या सरांवर फोडते.

अजून एक. "ख्रिस्ती विद्यापीठ" म्हणजे एकाच घाण्याचं तेल नव्हे. मंगळूरचं सेंट अलोशियस जेझुइट या कॅथलिक पंथाच्या पाद्र्यांनी १८८० मध्ये काढलं आणि २०२४ मध्ये त्याला अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. बंगळुरूचं क्राइस्ट १९६९ चं, कार्मेलाइट पंथाच्या पाद्र्यांनी काढलेलं, अभिमत झालं ते २००८ मध्ये. या जुन्या कॅथलिक संस्थांत हिंदू-मुसलमान मुलांची पिढ्यान्‌पिढ्या सवय आहे. कोइमतूरची कारुण्या ही १९८६ ची संस्था धर्मोपदेश करणाऱ्या कुटुंबाने उभी केली. पुण्याचं स्पायसर ॲडव्हेंटिस्ट पंथाचं, म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस रविवार नव्हे, शनिवार. प्रत्येकाची हवा वेगळी. तेव्हा तुमच्या मुलीचं विद्यापीठ नेमकं कोणत्या पंथाचं, कोणी काढलं, हे तिच्याकडून काढून घ्या. तिला ठाऊक नसेल तर तिने माहितीपत्रकातले फोटोच बघितलेत.

बाटण्याचं एवढं पुरे. आता सव्वातीन लाख.

तीन वर्षांचे पावणेदहा लाख होतात, तेही फी दर वर्षी वाढली नाही तर. ती वाढते का आणि किती, हे लेखी मागा. नव्या धोरणात पदवी चार वर्षांचीही करता येते. मुलगी ऑनर्ससाठी चौथं वर्ष थांबली तर आकडा तेरा लाखांवर जातो. वर अनामत, परीक्षा फी, गावाहून येणं-जाणं, आणि मोठ्या शहरातल्या मुलींच्या बरोबरीने राहायचं म्हणून जे खर्च होतात ते. ते कुठल्याच पत्रकात नसतात.

तुम्ही दाखले काढून ठेवलेत, त्यावर भिस्त ठेवू नका. परराज्यात आपला ओबीसीचा दाखला राज्याच्या आरक्षणाला चालत नाही. शिवाय घटनेच्या कलम १५(५) ने खाजगी संस्थांनाही प्रवेशात आरक्षण लागू करायची मुभा दिली, पण अल्पसंख्याक संस्थांना त्यातून वगळलं. म्हणजे दोन्हीकडून दार बंद. अशा संस्था काही जागा आपल्या समाजातल्या मुलांसाठी राखतात, ते त्यांच्या हक्कात बसतं, आणि मालवण-सावंतवाडीकडच्या आपल्या ख्रिस्ती मुलांना त्याचा फायदा होतो तेव्हा मला बरंच वाटतं. तुमच्या मुलीला मात्र त्या वाटेने काही मिळणार नाही.

शेजारपाजारी कोणी सांगितलंच असेल, "सरकारने मुलींची फी माफ केलीय." केलीय. २०२४-२५ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींना महाराष्ट्रात व्यावसायिक अभ्यासक्रमांची फी माफ झाली. पण त्यातून खाजगी अभिमत आणि स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं वगळलीत. तुमचं तर राज्यही दुसरं आणि अभ्यासक्रमही तो नव्हे.

कर्जाचं म्हणाल, तर पीएम-विद्यालक्ष्मी ही केंद्राची योजना नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर झाली. ठरावीक यादीतल्या संस्थेत प्रवेश असेल तर विनातारण कर्ज मिळतं. घरचं उत्पन्न आठ लाखांपर्यंत असेल तर दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर, हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळात, व्याजात ३ टक्के सवलत आहे. पहिली चौकशी बँकेत जाऊन हीच करा: आमचं विद्यापीठ यादीत आहे का? नसेल तर बँक तारण मागू शकेल. तारण म्हणजे तुमची कलमं. ज्या वर्षी मोहोर जळतो त्या वर्षी हप्ता कोण भरणार, हे मिस्टरांना शांतपणे विचारा.

आणि मानसशास्त्राची एक गोष्ट मुलीला कोणी सांगितलेली दिसत नाही. नुसत्या बी.ए.वर कोणी मानसोपचार करू शकत नाही. पुढे एम.ए. किंवा एम.एस्सी. करावी लागते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट व्हायचं तर भारतीय पुनर्वास परिषदेने मान्य केलेलं प्रशिक्षण आणि नोंदणी लागते. म्हणजे ही पदवी जिन्याची पहिली पायरी. सगळे पैसे पहिल्याच पायरीवर ओतलेत तर वरच्या पायऱ्यांना काय उरणार?

माझं मत इथे पक्कं आहे, म्हणून आडपडदा न ठेवता लिहिते. पदवी स्वस्तात करा, पदव्युत्तर शिक्षण नामांकित ठिकाणी करा. ख्रिस्ती कॉलेज हवंच असेल तर ते विद्यापीठच असायला हवं असं नाही. विल्सन १८३२ चं, मुंबईचं सेंट झेवियर्स १८६९ चं. दोन्ही मिशनचीच, पण मुंबई विद्यापीठाशी संलग्न. अनुदानित तुकडीत शिक्षकांचे पगार सरकार देतं, त्यामुळे फी लाखांत नव्हे, हजारांत असते. मुंबईत राहण्याचा खर्च आहे हे खरं, पण लालबाग-परळला नाहीतर डोंबिवलीला तुमचं कोणीच नाही असं मी धरून चालत नाही. त्याहून जवळ म्हणजे म्हापसा. तिथलं सेंट झेवियर्स १९६३ पासून आहे, गोवा विद्यापीठाशी संलग्न. वेंगुर्ल्याच्या माणसाला म्हापसा काय परका आहे? बाजाराला जातोच की. मानसशास्त्र कोणत्या पातळीपर्यंत आहे, बाहेरच्या राज्यातल्या मुलीला किती जागा आणि किती फी, हे एका फेरीत कळेल. उद्याच जा.

आता, मुलीच्या बाजूनेही बोलायला हवं, नाहीतर तिला वाटेल बाई पण आजीच्याच पार्टीतल्या.

तिने निवडलेल्या ठिकाणात खरे गुण आहेत. अशा बऱ्याच संस्थांत तास वेळेवर होतो, परीक्षा ठरल्या तारखेला होते, निकाल वेळेवर लागतो. २०१७ मध्ये ऑनलाइन तपासणीच्या घोळात मुंबई विद्यापीठाचे निकाल रखडले आणि कुलगुरूंना पद सोडावं लागलं; तेव्हा कोकणातली मुलंही त्याच विद्यापीठाच्या निकालाकडे डोळे लावून होती. वेळेवर निकाल ही साधी गोष्ट नव्हे. दुसरं, समाजात जाऊन काम करणं हा या संस्थांचा जुना पिंड आहे. मानसशास्त्राच्या मुलीला वस्तीत, शाळेत, इस्पितळात जाऊन माणसं बघायला मिळाली तर पुस्तकातल्या शंभर पानांचं काम होतं. तिसरं म्हणजे शेजार. तिच्या बाकावर केरळची मुलगी बसेल, मिझोरामची बसेल. आपल्याकडच्या मुलींचं इंग्रजी कच्चं नसतं हो, तोंड बंद असतं. ते तिथे उघडतं. माझं उघडलं. एका सिस्टरने मला वर्षभर दुपारच्या मधल्या सुट्टीत इंग्रजी पेपरचा अग्रलेख मोठ्याने वाचायला लावला. एका पैशाची फी नाही, एका शब्दाची धर्मचर्चा नाही.

मग मिस्टरांना आवडणारी ती शिस्त. तिची दुसरी बाजू त्यांनी पाहिलेली नाही, मी पाहिली आहे. आमच्या हॉस्टेलचं फाटक सातला बंद व्हायचं. लोकल रखडली म्हणून मी एकदा सात वीसला पोचले, तर दोन रविवार बाहेर जायला बंदी. हे काहीच नाही. माझ्या खोलीतल्या एका मुलीचा मावसभाऊ तिला डबा द्यायला आला होता. फाटकाशी दोघं हसत बोलताना वॉर्डनने पाहिलं आणि घरी पत्र धाडलं. पत्रात खोटं काही नव्हतं, फक्त "मावसभाऊ" हा शब्द नव्हता. वडील आले आणि तिला घेऊन गेले. शेवटचं वर्ष राहिलं ते राहिलंच. फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, आणि असं फक्त मिशनच्याच हॉस्टेलात होतं असंही नाही. पण "मिशनची शिस्त" असं कौतुकाने म्हणणाऱ्या प्रत्येक बापाला मी ही गोष्ट सांगते. नियम मोडल्यावर घरी काय आणि कसं कळवतात, मुलीचं म्हणणं ऐकायला कोणी बसतं का, हे आधी विचारून घ्या. हजेरीचंही विचारा. पंचाहत्तर टक्के सगळीकडेच असतात, काही ठिकाणी पंच्याऐंशी मागतात. पंच्याऐंशी म्हणजे चतुर्थीला मुलगी एक दिवस येणार, फार तर दोन. पाच दिवसांचा गणपती असलेल्या घरात हा हिशोब आत्ताच मांडलेला बरा.

अभिमत विद्यापीठाची एक अडचण मात्र धर्माशी अजिबात संबंधित नाही. शिकवणारे तेच, पेपर काढणारे तेच, तपासणारे तेच. संलग्न कॉलेजात अन्याय झाला तर वर विद्यापीठ असतं. इथे वर-खाली एकच. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) २०२३ च्या नियमांप्रमाणे तक्रार निवारण समिती आणि लोकपाल असावा लागतो. तो नेमलेला आहे का, हे वेबसाइटवर बघा. आणि मूळ दाखले कोणी जमा करून अडवून ठेवायला लागलं तर द्यायचे नाहीत. यूजीसीने २०१८ मध्येच त्याला मनाई केली आहे.

तर पंधरा दिवसांत करायचं ते असं. आधी म्हापसा, मग बँक. बँकेने तारण न मागता कर्ज दिलं आणि चारही वर्षांचा आकडा तुम्हा दोघांना झोप येईल इतका निघाला, तरच कर्नाटक. नाहीतर मुलीला समोर बसवून कागदावर आकडे दाखवा: हे तीन वर्षांचे, हे एम.ए.चे. आजीच्या भीतीमुळे नाही म्हटलं तर ती जन्मभर धरून बसेल. पैशांमुळे थांबलोय हे स्वच्छ सांगितलंत तर चार दिवस रडेल आणि पाचव्या दिवशी स्वतःच दुसरी कॉलेजं शोधायला लागेल. चौऱ्याऐंशी टक्के मिळवणाऱ्या मुलीला हिशोब कळतो.

आणि सासूबाई. त्यांना काही सांगू नका, दाखवा. म्हापशाला जाताना बरोबर न्या. कर्नाटक ठरलंच तर प्रवेशाच्या आधी एक चक्कर मारा आणि येताना वाट वाकडी करून मंगळूरला उतरा. अलोशियसचं चॅपल बघा. भिंती आणि छत भरून चित्रं आहेत, मोस्केनी नावाच्या इटालियन जेझुइट ब्रदरने सव्वाशे वर्षांपूर्वी काढलेली. गावात कोकणी कानावर पडेल, सासूबाईंना अर्धी-अधिक कळेल. तिथले ख्रिस्ती ८ सप्टेंबरला मोंती फेस्त करतात. नव्या भाताची लोंबी चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेतात आणि त्या दिवशी घरात मासेसुद्धा शिजत नाहीत. हे ऐकल्यावर सासूबाई "आपलाच नव्या मां ह्या?" (हे आपलंच नवान्न ना?) असं म्हणतील, असा माझा अंदाज आहे.

तिकीट काढताना त्यांच्यासाठी खालचा बर्थ मागा. वरचा मिळाला तर सगळं बिनसेल.